वाळवंटातली सामसूम कोणी घडवली?

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला यूटा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ही चार राज्यं एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूभोवतीचा लालसर खडकांचा, उन्हाने भाजून निघालेला मुलूख म्हणजे आरव्ही घेऊन फिरणाऱ्यांची पंढरीच. ज्या मोटारीत स्वयंपाकाचा ओटा, बिछाना, न्हाणी आणि पाण्याची टाकी असते ती आरव्ही. ती विमानतळाजवळ भाड्याने मिळते आणि दोन आठवड्यांत ग्रँड कॅन्यन, वुपाटकी, कॅन्यन द शे, मेसा व्हर्डे, चाको असा फेरा होतो. फिनिक्समधल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी कुटुंबांनाही आता हा मार्ग नवा नाही. कड्याच्या कपारीत बांधलेली घरं, वाळूत अर्ध्या बुडालेल्या भिंती आणि भोवती दूरवर माणसाचा मागमूस नाही, हे दृश्य या प्रवासाचा गाभा मानलं जातं. एक संस्कृती बहरली, दुष्काळ पडला, माणसं निघून गेली आणि मागे शांतता उरली, अशी कथा प्रवासी सोबत घेऊन परततो. या कथेतला दुष्काळ खरा आहे, माणसं निघून गेली हेही खरं आहे. शांततेचं मात्र नीट तपासून पाहायला हवं. माझ्या मते आज तिथे जी सामसूम जाणवते तिचा मोठा भाग तेराव्या शतकातला नाहीच. तो विसाव्या शतकात, कायद्याच्या, कुंपणाच्या आणि चाकांच्या मदतीने तयार झाला.

आधी तेराव्या शतकाचं पाहू. मेसा व्हर्डेच्या पठारावर आणि आसपासच्या दऱ्यांत पुएब्लो लोकांची शेतीवर जगणारी दाट वस्ती होती. मका, घेवडा आणि भोपळा ही त्यांची पिकं. क्लिफ पॅलेस या सर्वांत प्रसिद्ध कपारवस्तीत सुमारे १५० खोल्या आणि २३ किवा, म्हणजे जमिनीखालची गोल विधिगृहं, मोजली गेली आहेत. १२७६ ते १२९९ या काळात तिथे मोठं अवर्षण झालं आणि शतक संपेपर्यंत ही गावं रिकामी झाली. नुसता पाऊस हे कारण पुरेसं नाही. मारामाऱ्यांच्या खुणा सापडल्या आहेत, थंडी वाढली होती, आणि दक्षिणेकडे रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात नव्या वस्त्या आणि नवे विधी आकाराला येत होते, त्यांची ओढही असणार. मुद्दा असा की माणसं हवेत विरली नाहीत. ती होपी, झुनी, ॲकोमा आणि रिओ ग्रांदेकाठच्या गावांत गेली, आणि त्यांचे वंशज आजही तिथेच राहतात, मका पेरतात, किवात उतरतात. ॲरिझोनातलं होपींचं ओराइबी गाव बाराव्या शतकाच्या सुमारास वसलं आणि तेव्हापासून सलग नांदतं आहे.

या सातत्याचा सर्वांत सुंदर पुरावा लाकडात आहे. ए. ई. डग्लस हा मुळात खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांचं चक्र हवामानात उमटतं का, हे शोधण्यासाठी तो झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजू लागला. पावसाच्या वर्षी वर्तुळ रुंद, कोरड्या वर्षी केसासारखं बारीक. पडक्या वस्त्यांतल्या तुळयांवरून त्याने ५८५ वर्षांची एक मालिका जुळवली होती, पण ती कोणत्या सनात बसवायची ते कळत नव्हतं. जिवंत झाडांपासून मागे जाणारी दुसरी मालिका होती, आणि ती मध्ययुगापर्यंत पोहोचवली ओराइबीतल्या घरांच्या छतांनी. ज्या तुळईखाली माणसं अजून झोपत होती तिच्यातून भोक पाडून नमुने घेतले गेले. १९२९ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातल्या शो लो या गावात एक जळकी तुळई मातीतून निघाली. कोळसा झालेलं ते लाकूड हातात भुगा होईल म्हणून सुतळीने बांधून मेणात बुडवलं गेलं. तिच्यात १२३७ ते १३८० पर्यंतची वर्तुळं होती. दोन्ही मालिका त्या तुकड्याने सांधल्या गेल्या, आणि एका रात्रीत मेसा व्हर्डे, चाकोतलं पुएब्लो बोनितो अशा वस्त्यांना वर्षावार तारखा मिळाल्या. ज्यांना ‘लुप्त’ म्हणायची पद्धत पडली होती त्यांच्या घरांचं वय त्यांच्याच नातवंडांच्या छपरावरून कळलं, ही गोष्ट माहितीफलकांवर ठळक अक्षरांत असायला हरकत नव्हती.

मग लुप्त झाल्याची कल्पना आली कुठून? १८८८ च्या १८ डिसेंबरला गुरं पाळणारा रिचर्ड वेदरिल आणि त्याचा मेहुणा चार्ली मेसन चुकलेली गुरं शोधताना कड्याशी आले आणि समोर क्लिफ पॅलेस दिसला, अशी शोधाची अधिकृत कथा आहे. या दऱ्यांत मोठी घरं आहेत हे अकोविट्झ नावाच्या युट माणसाने वेदरिलला आधीच सांगितलं होतं. युट लोक त्या कपारींना मृतांची जागा मानत आणि तिथे हात लावत नसत. अजिंठ्याची १८१९ ची शिकारकथा ज्याने ऐकली आहे त्याला हा साचा ओळखीचा वाटेल: आसपासच्यांना ठाऊक असलेली जागा बाहेरच्याने पाहिली की ती ‘सापडते’. वसाहतवाल्यांना त्याहून सोयीची एक समजूत होती. एवढं बांधकाम भोवतालच्या ‘इंडियनां’च्या पूर्वजांचं असूच शकत नाही, हे मेक्सिकोतल्या ॲझटेकांचं काम असावं, असं म्हणून त्यांनी न्यू मेक्सिकोतल्या एका वस्तीला ॲझटेक रुइन्स आणि ॲरिझोनातल्या एका कपारघराला मॉंटेझुमा कॅसल अशी नावं दिली. दोन्हींचा ॲझटेकांशी काडीचा संबंध नाही, नावं मात्र सरकारी फलकांवर कायम आहेत. बांधणारे परके आणि गेलेले ठरले की जमिनीला वारस उरत नाही, आणि ज्या दशकांत या मुलखातल्या जमिनी वाटल्या जात होत्या त्या दशकांत हे उपयोगाचं होतं.

१९०६ साल इथे निर्णायक आहे. त्याआधी १८९१ मध्ये गुस्ताफ नॉर्डेनशोल्ड हा स्वीडिश तरुण मेसा व्हर्डेत खणत होता, आणि मडकी, विणकाम, मानवी अवशेष यांच्या पेट्या भरून ड्युरँगोहून आगगाडीने पाठवू लागला. लोकांनी आरडाओरडा केला, त्याला अटक झाली, आणि मोडायला कायदाच नसल्यामुळे तो सुटला. तो संग्रह शेवटी हेलसिंकीच्या संग्रहालयात पोहोचला. दुसरीकडे वेदरिलने चाकोत खणायला सुरुवात केली, तिथे व्यापाराचं दुकान थाटलं आणि १९०१ मध्ये पुएब्लो बोनितोसकट जमिनीवर वसाहतदार म्हणून हक्क सांगितला. सुमारे साडेसहाशे खोल्यांची, चार-पाच मजली, शेकडो वर्षं बांधली गेलेली वास्तू एका दुकानदाराच्या सातबाऱ्यावर चढण्याची वेळ आली, तेव्हा एडगर ली ह्युएट या पुरातत्त्वज्ञाने मसुदा लिहिला आणि ८ जून १९०६ रोजी थिओडोर रूझवेल्टने पुरावस्तू कायद्यावर सही केली. त्याच महिन्यात मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यान झालं, पुढच्या वर्षी चाको राष्ट्रीय स्मारक. कायद्याने खणण्याचा परवाना संग्रहालयांना, विद्यापीठांना आणि मान्यताप्राप्त संस्थांना दिला आणि मिळालेल्या वस्तू सार्वजनिक संग्रहालयांत कायम राहाव्यात अशी अट घातली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची हाडं त्या वस्तूंसोबत निघत होती त्यांना विचारावं, असं त्यात कुठेही नव्हतं.

उद्यानाची हद्द आखली की आतल्या माणसांचा प्रश्न येतो. मेसा व्हर्डेच्या पहिल्या आखणीत गंमतच झाली होती: नावाजलेले अवशेष हद्दीबाहेर, युट लोकांच्या राखीव जमिनीवर निघाले. मग वाटाघाटी झाल्या आणि १९११ ते १९१३ च्या दरम्यान अदलाबदलीत ती जमीन उद्यानात आली. बदल्यात जी दिली जाते आहे ती मुळात आमचीच आहे, असं युट लोक तेव्हाही सांगत होते. चाकोत नावाहो कुटुंबं मेंढ्या राखत होती. १९३० च्या दशकात कुंपणं पडू लागली आणि १९४० चं दशक संपेपर्यंत कॅन्यनमधली शेवटची कुटुंबं बाहेर गेली. वुपाटकीत १८७० च्या सुमारापासून राहणाऱ्या नावाहोंना राहण्याचे परवाने दिले गेले, पण परवाना माणसाबरोबर संपणार, मुलाकडे जाणार नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. ग्रँड कॅन्यनच्या पोटात झऱ्याकाठी हवासुपाई शेती करत होते, त्यांतला शेवटचा रहिवासी १९२८ मध्ये बाहेर काढला गेला. डेथ व्हॅलीतली कथा तर अंगावर काटा आणणारी आहे. तिथे तिंबिशा शोशोनी लोकांची मातीच्या विटांची घरं होती. उन्हाळ्यात ते थंडाव्याला डोंगरात जात. अशी घरं रिकामी दिसली की उद्यानाचे कर्मचारी पाण्याचा मोठा पाइप लावून ती विरघळवून टाकत. कच्च्या विटांच्या भिंतीला पाडायला घण लागत नाही, पाणी पुरतं. आज त्याच जागी, फर्नेस क्रीकला, आरव्ही उभ्या करण्याचे तळ आहेत. तिंबिशांना २००० सालच्या कायद्याने काही हजार एकर परत मिळाले, त्यांतले ३१४ एकर फर्नेस क्रीकजवळ.

जागा मोकळी झाली, आता ती दाखवायची कशी हे पहिल्यांदा आगगाडीने ठरवलं. सांता फे रेल्वे १९०१ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या काठाशी आली आणि फ्रेड हार्वी कंपनीने १९०५ मध्ये एल तोवार हॉटेल उघडलं. समोरच होपी घराची प्रतिकृती बांधून त्यात होपी कारागिरांना बसवलं. तिची रचनाकार मेरी कोल्टर. १९३२ मध्ये तिनेच कड्याच्या टोकावर डेझर्ट व्ह्यू वॉचटॉवर उभा केला. होवेनवीपमधल्या प्राचीन बुरुजांवरून घडवलेला हा मनोरा दिसतो शेकडो वर्षांचा, पण दगडांच्या आत पोलादी सांगाडा आहे. दगड जुने वाटावेत म्हणून हवेने खाल्लेले निवडून घेतले आणि शेजारी एक ढासळलेली भिंतही मुद्दाम ढासळलेलीच बांधली. आतली मुख्य चित्रं फ्रेड काबोटी या होपी चित्रकाराची आहेत आणि ती अस्सल आहेत. कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या मॅनिटू इथे १९०७ पासून याच्याही पुढची मजल होती: कोर्टेझच्या बाजूच्या वस्त्यांचे दगड उचलून आणून कड्यात नवी ‘प्राचीन’ घरं रचली गेली. १९२६ मध्ये सांता फेहून ‘इंडियन डीटूर्स’ सुरू झाले: आगगाडीतून उतरा, मोटारीत बसा, प्रशिक्षित तरुणी पुएब्लो आणि अवशेष दाखवून आणतील. इथे जिवंत गाव आणि पडकं गाव एकाच कार्यक्रमात, एकाच तिकिटावर होतं. मोटार स्वतःच्या मालकीची झाल्यावर हा धागा सुटला, कारण स्वतःची गाडी चालवणारा जिथे गाडी उभी करता येते तिथे थांबतो, आणि गाडी उभी करायची सोय उद्यानात होती, गावात नव्हती.

या सोयीने अवशेषांचंच रूप ठरवलं, हे सहसा लक्षात येत नाही. मेसा व्हर्डेत मोटारी १९१४ पासून चढू लागल्या. गवत आणि झाडांची मुळं चाकांखाली चेपली जाण्याचा प्रश्न कॅलिफोर्नियातल्या अरण्यांतही होता. तिथे एमिलियो माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला उपाय शोधला: मुक्कामाच्या तळावर एकेरी वळणाचा रस्ता, आणि त्याला फुटणाऱ्या आखूड फाट्यांवर प्रत्येकाने आपली गाडी लावायची, खुंटांच्या पलीकडे चाक जाऊ द्यायचं नाही. आजही कुठल्याही उद्यानात आरव्ही मागे घेत ज्या फटीत बसवतात ती माइनेकेची देणगी. दुसऱ्या महायुद्धानंतर गर्दी आवरेना, तेव्हा १९५६ ते १९६६ या दशकात ‘मिशन ६६’ नावाच्या योजनेतून एक अब्ज डॉलरांहून अधिक खर्चून रस्ते, वाहनतळ आणि माहितीकेंद्रं उभी राहिली. याच काळात मेसा व्हर्डेच्या पश्चिमेच्या वेदरिल मेसावर मोठं उत्खनन झालं. त्यातून उत्तम संशोधन निघालं, पण ते हाती घेण्यामागचं कारण उघड होतं: क्लिफ पॅलेस असलेल्या चॅपिन मेसावर गाड्यांची दाटी झाली होती आणि माणसं वळवायला नवे अवशेष हवे होते. म्हणजे कोणतं घर मातीतून वर यायचं, कोणत्या भिंतीला गिलावा लावून टेकू द्यायचा, हे काही अंशी वाहतुकीने ठरवलं. जिथे रस्ता नाही तिथली शेकडो घरं अजून मातीतच आहेत, आणि तेच त्यांच्या हिताचं आहे. त्यातही वेदरिल मेसाच्या वळणांवर पंचवीस फुटांहून लांब वाहन नेता येत नाही, त्यामुळे ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं त्यांतल्या अनेकांना शेवटी घर मागे ठेवूनच जावं लागतं. १९६६ पासून आयोवातल्या एका कारखान्याने मोटारहोम स्वस्त केले. विनेबागो हे त्याचं नाव, आणि त्याच्या गाड्यांची नावं ‘ब्रेव्ह’, ‘चीफटन’, ‘इंडियन’. विनेबागो हे हो-चंक लोकांना बाहेरच्यांनी दिलेलं नाव. इंडियन बाहेर गेले आणि त्यांची नावं लावलेल्या गाड्या आत आल्या, यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: उद्यानं नसती तर अवशेषच राहिले नसते. नॉर्डेनशोल्डच्या पेट्या आणि वेदरिलचा दावा मीच वर सांगितला. खरं आहे, १९०६ च्या कायद्यावाचून पुएब्लो बोनितोच्या भिंती आज इतक्या उंच नसत्या. मात्र रक्षण आणि रिकामं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकत्र व्हायलाच हव्यात असा काही नियम नाही. कॅन्यन द शे याचा दाखला आहे. १९३१ मध्ये ते स्मारक झालं तेव्हा जमीन नावाहोंचीच राहिली. तळाशी नावाहो कुटुंबं आजही पीचची झाडं आणि मका राखतात, आणि पर्यटकाला आत उतरायचं तर नावाहो वाटाड्या घ्यावा लागतो. कड्यातल्या भिंती तिथेही शाबूत आहेत. मेसा व्हर्डेला लागून युट लोकांनी स्वतःचं आदिवासी उद्यान चालवलं आहे, तिथेही वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. उलट कायदा होऊनही खणून विकणं थांबलं नाही. २००९ मध्ये यूटात आणि शेजारच्या राज्यांत संघीय पोलिसांना धाडी घालाव्या लागल्या, त्यांत ब्लँडिंग गावातले प्रतिष्ठित नागरिकही सापडले. राखण करायला तिथे राहणारा माणूस कुंपणाइतकाच उपयोगी पडतो.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. पुएब्लो लोक स्वतःच सांगतात की आमचे पूर्वज ती घरं सोडून पुढे गेले, मग ती सहाशे वर्षं रिकामी होती हे मान्य करायला काय हरकत? हरकत नाही. पण सोडून जाणं आणि नातं तोडणं त्यांच्या लेखी एक नव्हे. होपींच्या कुळकथांत स्थलांतराचे टप्पे असतात आणि पडकी घरं ही त्या वाटेवरची पावलं असतात. पूर्वज तिथे आहेत असं ते मानतात, म्हणून तिथे प्रार्थनेला जाणं चालू राहिलं. आणि हो, या मुलखात नंतर आलेले नावाहो आणि युट यांच्या मेंढ्या, वाटा, शेकोट्याही त्या सहाशे वर्षांत होत्याच. ती जागा ओस पडली होती असं फक्त बाहेरच्याला दिसलं. तिसरा आक्षेप गरिबांच्या बाजूचा आहे: रेल्वेच्या काळात हे सारं श्रीमंतांना मिळत होतं, मोटारीने आणि पुढे आरव्हीने ते शिक्षकाला, गवंड्याला, निवृत्त कारकुनाला मिळालं, मग चाकांना दोष का? दोष चाकांना देण्याचं कारण नाही. एल तोवारच्या जेवणाच्या खोलीपेक्षा तळावरची शेगडी जास्त लोकशाही आहे, हे मान्यच. (तीही सगळ्यांना सारखी नव्हती. कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठे उतरायला मिळेल हे सांगणारं ‘ग्रीन बुक’ १९३६ पासून तीस वर्षं छापावं लागलं.) आपल्या घरात बसून फिरणाऱ्याला मात्र यजमानाची गरज पडत नाही. पाणी टाकीत, जेवण फ्रिजमध्ये, झोप गाडीत. तेव्हा ज्या देशात तो हिंडतो तिथे कोण राहतं हा प्रश्न विचारण्याचं निमित्तच त्याच्यापुढे येत नाही, आणि उद्यानाची मांडणी ते आणू देत नाही.

ही मांडणी गेल्या पस्तीस वर्षांत हलू लागली. १९९० च्या संघीय कायद्याने संग्रहालयांतली हाडं आणि पुरलेल्या वस्तू वंशजांना परत देणं बंधनकारक केलं. मेसा व्हर्डेचं प्रशासन आता दोन डझनांहून अधिक आदिवासी राष्ट्रांशी सल्लामसलत करतं. परदेशावर तो कायदा चालत नाही, तरी नॉर्डेनशोल्डने नेलेल्या अवशेषांपैकी सुमारे वीस जणांची हाडं आणि २८ वस्तू फिनलंडने २०२० मध्ये परत केल्या आणि त्या मेसा व्हर्डेच्या मातीत पुन्हा ठेवल्या गेल्या. ग्रँड कॅन्यनमधल्या त्या झऱ्याकाठच्या जागेला २०२२ मध्ये हवासुपाईंचं नाव मिळालं. यूटातलं बेअर्स इअर्स हे स्मारक तर पाच आदिवासी राष्ट्रांनी एकत्र येऊन मागितलं. २०१६ मध्ये ते जाहीर झालं, २०१७ मध्ये सुमारे ८५ टक्क्यांनी कापलं गेलं, २०२१ मध्ये पूर्ववत झालं आणि पुढच्या वर्षी या राष्ट्रांशी संयुक्त व्यवस्थापनाचा करार झाला. १९०६ च्या ज्या कायद्याने पुएब्लोंना विचारलं नव्हतं, तोच कायदा वापरून.

चाकोत गोष्ट सरळ नाही. जून २०२३ मध्ये तेव्हाच्या अंतर्गत खात्याच्या मंत्री देब हालंड, ज्या स्वतः लागुना पुएब्लोच्या, त्यांनी उद्यानाभोवती दहा मैलांच्या पट्ट्यात संघीय जमिनीवर तेल आणि वायूचे नवे करार वीस वर्षांसाठी बंद केले. ॲकोमा आणि लागुना या पुएब्लोंना ते हवं होतं, कारण अवशेष चाकोच्या भिंतींपाशी संपत नाहीत, जुने सरळ, नऊ-नऊ मीटर रुंद रस्ते आणि यात्रास्थानं बाहेरपर्यंत पसरली आहेत. त्या पट्ट्यात ज्यांच्या नावावर जमिनीचे तुकडे आहेत अशा नावाहो कुटुंबांना रॉयल्टी बुडण्याची भीती वाटली. नावाहो नेशनने आधी कमी रुंदीचा पट्टा सुचवला होता, नंतर ती सूचनाही मागे घेतली आणि जानेवारी २०२५ मध्ये ते न्यायालयात गेलं. पूर्वजांची जागा म्हणून राखायला निघालेले आणि आजची भाकरी म्हणून वापरू पाहणारे, दोन्ही बाजूंना तिथलेच लोक आहेत, आणि दोघांचाही दावा त्याच वाळवंटावर आहे ज्याच्या मधोमध, तेरा मैलांच्या कच्च्या रस्त्याने हाडं खिळखिळी करून घेत, आरव्हीवाले शांतता शोधायला येतात.